मागची फळी

२० मार्च २०१६, रविवार

अप्पा आज दुकानात आले! चार वर्षांत पहिल्यांदा. आधी बाहेर उभे राहून पाटी वाचल्यासारखं केलं — पाटीवर काय आहे वाचण्यासारखं, 'बंकट कार डेकोर', त्यांच्याच पोराचं नाव. मग आत येऊन उपरण्यानं खुर्ची झटकली आणि बसले. मला वाटलं नात्यात कुणीतरी गेलं.

तसं काही नव्हतं. साखर कारखान्याची निवडणूक लागलीय. अप्पा संचालकाच्या जागेला उभे राहणार, चिन्ह कपबशी. दोन वर्षं झाली कारखान्याची चिमणी थंड आहे, होता नव्हता तो ऊस गुरांनी खाल्ला, तरी निवडणूक म्हटलं की सगळे ताजेतवाने! प्रचाराला घरची बोलेरो. म्हणाले, "गाडीला तुझा त्यो डबा बसीव. भोंगा लई कर्कश वाजतो, मानसं दारं लावून घेतेत."

तुझा तो डबा! बी.एस्सी. अर्धी सोडून मी गाड्यांना म्युझिक सिस्टिम बसवायला लागलो तेव्हापासून अप्पांच्या तोंडी एकच शब्द — धाडधूड. 'आमचं थोरलं काय करतं? धाडधूड करतं.' तेही पाहुण्यांसमोर. आणि आज स्वतः पायरी चढून मागायला आले.

मी लगेच हो म्हणालो. जरा भाव खायला हवा होता. जमलं नाही.

२२ मार्च

बाजारातला तयार बॉक्स बसवणार नाही. बोलेरोच्या मागच्या जागेच्या मापानं स्वतः बनवणार, पोर्टवाला. बंद बॉक्सचा आवाज घट्ट असतो, पोर्टवाल्याचा खोल. अप्पांचा आवाज मुळात खर्जातला. भोंग्यातून तो पत्रा बडवल्यासारखा येतो. माझ्या बॉक्समधून तो लोकांच्या छातीत घुमला पाहिजे.

कागदावर आकडे मांडत बसलो होतो तर अप्पा शेजारी येऊन बसले. "ह्ये भोक कावून ठिवलंय?" — विचारलं! मला काय करू अन् काय नको असं झालं. आईच्या औषधाची रिकामी बाटली घेतली, तिच्या तोंडावर फुंकर मारली — भूंऽऽ. मग तांब्यातलं थोडं पाणी आत घातलं, पुन्हा फुंकलं. सूर चढला. अजून घातलं, अजून चढला. म्हणालो, आतली मोकळी जागा कमी झाली की सूर चढतो, वाढली की उतरतो. बॉक्स म्हणजे ही बाटलीच आणि ते भोक, म्हणजे पोर्ट, तिची मान. आत साठ लिटर जागा ठेवली आणि पोर्टची लांबी नीट काढली की सूर पस्तिसावर, म्हणजे सेकंदाला पस्तीस कंपनांवर, बसतो. पस्तिसाचा सूर कानापेक्षा पोटाला आधी कळतो.

"म्हंजी आत समदं रिकामंच?"

"रिकामंच लागतं अप्पा. ती रिकामी जागाच वाजती."

बराच वेळ मान हलवत राहिले. आई म्हणाली, खेळ झाला असंल तर पाणी फेकू नका, टँकरचा भरोसा न्हाई.

२६ मार्च

फळ्या कापून झाल्या. मुंजाजीकाका सुतार, गावात असा हात दुसऱ्याचा नाही. पण स्वभावानं खाष्ट. मी माप सांगितलं की माझ्याकडे असं बघतात जणू मी त्यांच्या मुलीला मागणी घातलीय.

शहादेव दिवसभर तिथंच. आता शहादेवबद्दल काय लिहू, पहिलीपासून एका बाकावर. अप्पांच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला तेव्हापासून आमच्याकडेच जेवतो, आई त्याला माझ्याआधी वाढते. आज मात्र त्यानं डोकं खाल्लं. म्हणे मागची फळी — जी सीटच्या पाठीला लागते — ती चिकटवू नको, नुसत्या स्क्रूनं लाव. मी म्हणालो, वेडा का, चिकटवली नाही तर हवा गळेल. तर म्हणतो, "उद्या आत वायर तुटली तर? समदा डबा फोडतो का बे?"

तसं बघितलं तर मुद्दा बरोबर आहे. रबराची पट्टी लावून स्क्रूनं बसवली. काळे स्क्रू, एका रांगेत. दिसायला झकास!

८ एप्रिल, पाडवा

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

धर्मापुरीच्या देवळात नारळ फुटला. माणसं बरीच होती. निम्मी सावलीसाठी आलेली असतील, असोत. बायका पुढं बसलेल्या, त्यांच्यात चतुराबाई. ज्यांनी दोन वर्षांपूर्वी घाटनांदूरचं दारूचं दुकान बायका घेऊन बंद पाडलं त्या. त्यांच्या शब्दावर पाच-सहा गावांतल्या घरांचं मत हलतं. त्या उठून अप्पांना सरळ म्हणाल्या, "सुंदरराव, तुमच्या गाडीसंगं एक बाटली दिसली, तर कपबशी आमीच फोडू."

अप्पांनी देवळाच्या पायरीला हात लावला. म्हणाले, "बाटलीवर मत मागनार न्हाई. मागितलं तर ह्या पायरीला पुन्हा पाय लावनार न्हाई."

टाळ्या! आणि मग तेच शब्द मी मोबाइलवर घेतलेले, गाडीतून लावले. काय सांगू. बॉक्स पस्तिसावर असा बसलाय की अप्पांचा आवाज जमिनीतून वर आल्यासारखा आला. एक म्हातारी गाडीच्या पत्र्याला हात लावून बघत होती. अप्पा लांबून माझ्याकडे बघत होते. हसले नाहीत, पण बघत होते.

मला वाटतं, मी आजवर एवढी एकच गोष्ट नीट केलीय.

१० एप्रिल

आवाज बिघडला!

सकाळी प्रचाराला निघालो तर बॉक्स बोंबलतोय. खोली गेली. अप्पा देवळाच्या पायरीवरून नव्हे, पिंपात बसून बोलल्यासारखे. अप्पांना काही कळलं नाही, म्हणाले वाजतंय की. वाजतंय की!

११ एप्रिल

हवा गळत असेल म्हणून उदबत्ती पेटवून प्रत्येक सांध्यावरून फिरवली. बॉक्स जोरात चालू, आणि धूर कुठंच हलत नाही. एक सांधा फुटलेला नाही. आई म्हणाली, देवासमोर कधी एवढी उदबत्ती लावली न्हाईस.

मग मोबाइलवरून एक-एक सूर सोडत गेलो, बोट सबवूफरच्या, म्हणजे बॉक्सच्या तोंडावरच्या मोठ्या स्पीकरच्या, पडद्यावर. पोर्टचा सूर आला की पडदा जवळपास थांबतो आणि सगळं वारं पोर्टातून येतं. तो सूर पस्तिसाला यायला हवा. आज पंचेचाळिसाला आला.

पंचेचाळीस! एवढा सूर नुसत्या गळतीनं चढत नाही. जागा कमी झाली तरच चढतो.

मुंजाजी.

१२ एप्रिल

दुपारी दुकान बंद करून पोर्टच्या तोंडाला बाहेरून पट्टी जोडली, लांबी वाढवली. लांब मान, खाली सूर. निघताना नीट लागला, जिंकलो म्हटलं. संध्याकाळी गाडी परत आली आणि आता सूर फारच खाली गेलेला! नुसता गढूळ घुम् घुम्. अप्पांचं भाषण म्हणजे म्हशीचं रवंथ.

शहादेवच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. म्हणे जॅक सटकला. मी म्हणालो हळद लाव. माझं लक्ष कुठं होतं!

१३ एप्रिल

आज भांडण. मुंजाजीकाकांना दुकानात बोलावून चारचौघांत म्हणालो, फळ्या जाड मारल्या तुम्ही, आतली जागा खाल्ली. काकांचं तोंड लालबुंद. "बंकट, तुझ्या बापाच्या घराची दारं मी केलीत. एक तरी झिजलं का?" मी म्हणालो, दाराचं सोडा, याचं बोला.

आतली जागा मोजायची तर पाणी भरून मोजतात. इथं प्यायला नाही. म्हणून घरून ज्वारीची पोती आणली, बॉक्स गाडीतून काढला, सबवूफर उतरवला आणि पत्र्याच्या डब्यानं ज्वारी मोजत भोकातून ओतत बसलो. काका हाताची घडी घालून उभे. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, कणगी केली का?

माप बरोबर भरलं. अगदी बरोबर. काका चपला घालून निघून गेले. मग मी आणि शहादेव खाली बसून सांडलेला दाणा-दाणा वेचत होतो. त्याला विचारलं, तूच सांग, माप बरोबर, लाकूड बरोबर, मग माझ्या आवाजाला झालंय काय?

शहादेव ज्वारीच निवडत होता. म्हणाला, "असू दे की बंकटा. निवडनुकीपुरतं तर हाय."

निवडणुकीपुरतं! यालाही कळत नाही. पोर्टची जोडलेली पट्टी काढून टाकली. आता जसा होता तसा.

१४ एप्रिल

जयंतीच्या गाड्या. सकाळपासून हात रिकामा नाही. सगळ्यांचे बॉक्स नीट वाजले. माझाच सोडून.

१५ एप्रिल

धर्मापुरी फाट्यावर तपासणीच्या पथकानं गाडी अडवली. मी मागं बसलेलो, अप्पा पुढं, शहादेव चालवत होता. शहादेवचं तोंड उतरलेलं — मला वाटलं उन्हानं. साहेबानं मागचं दार उघडलं, बॉक्सवर टिचकी मारली. "यात काय आहे?"

अप्पा खाली उतरले. चालत मागं आले, बॉक्सवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "आमच्या पोराची कलाकारी हाय साहेब. घरी बनविलाय. लाव रे बंकट, ऐकू दे त्येंना."

कलाकारी! धाडधूड नाही — कलाकारी! दोनदा चुकीचं बटण दाबलं. लावलं. आणि नेमका त्याच वेळी बॉक्स पातळ, चढलेल्या सुरात बोंबलला. आयुष्यात एकदा बापानं नाव काढलं आणि माझ्या बॉक्सनं माझं नाक कापलं. साहेब तरी खूश झाला, म्हणाला, माझ्या गाडीला किती दिवसांत होईल? अप्पा हसले. जा म्हणाले त्यांना, दुकान घाटनांदूरलाच हाय.

लाज वाटली. कुणाला कळलं नाही म्हणून काय झालं, मला कळलं ना.

१६ एप्रिल

आज काही केलं नाही, फक्त ऐकलं. सकाळी निघताना सूर चढलेला. दुपारी दोन गावं झाल्यावर थोडा उतरला. संध्याकाळी परत येताना पस्तीस! पाडव्याला होता तसा, तोच, खोल, गोड.

आता हे काय? तापलेल्या हवेनं सूर थोडा चढतो, मान्य. पण मग तो भर दुपारी चढायला हवा, पहाटेच्या गारव्यात नाही. इथं सगळं उलटं. आणि लाकूड सकाळी आक्रसून संध्याकाळी फुगत नाही.

सकाळी जागा कमी. संध्याकाळी जागा पूर्ण.

 नको ते मनात येतंय. उद्या बघतो.

१७ एप्रिल, रविवार

चारा छावणीवर सभा. अप्पा बाजेवर उभं राहून माइकवर बोलत होते, गुरांच्या मालकांपुढं. शहादेव गाडीच्या रेडिएटरला पाणी आणतो म्हणून कॅन घेऊन गेला. प्रत्येक गावात जातो. इतकं पाणी कोणती बोलेरो पिते!

मी मागची सीट पाडली.

काळे स्क्रू काळे राहिलेले नाहीत. घासून घासून डोकी पांढरी झालीत. मी तर ते बसवल्यापासून एकदाही उघडले नव्हते, १३ तारखेलासुद्धा ज्वारी पुढच्या भोकातून ओतली होती. फळी उघडली. आत देशीच्या क्वार्टर. ओळीनं निजवलेल्या, वाजू नयेत म्हणून एकेक उपरण्यात गुंडाळलेली. कपबशी छापलेल्या, प्रचाराच्या उपरण्यात. बाहेर अप्पांचा आवाज येत होता — बाटलीवर मत मागनार न्हाई. तो माझ्याच बॉक्समधून येत होता.

बाटली भरत जाईल तसा सूर चढतो. मीच तर शिकवत होतो सगळ्यांना, औषधाची बाटली फुंकून!

शहादेव आला. कॅन रिकामंच होतं. माझ्या मांडीवर फळी बघून जागच्या जागी थांबला.

मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. म्हणालो, कुणाचं खाल्लंस? समोरच्या पॅनलनं फोडलं ना तुला? त्या पथकाला एक जरी बाटली सापडली असती तर माझ्या बापाची धिंड निघाली असती! पायरीला हात लावून बोललाय तो. तुला आईनं वाढलेलं —

 मी गचांडी धरली तरी त्यानं हात वर केला नाही. म्हणालो, बोल की बे!

"काय बोलू? तुझ्या आवाजाचा नास झाला, त्येची माफी मागतो. दुसरं मला काय इचारू नको."

आवाजाची माफी! एवढ्या वर्षांची दोस्ती विकली आणि माफी कशाची, तर आवाजाची! मी किल्ली हिसकावून घेतली. तो छावणीतून चालत गेला, रस्त्याच्या मधून. मागं बघितलं नाही.

फळी परत लावली. गुरांच्या मालकांनी टाळ्या वाजवल्या, अप्पा उतरले. त्यांना घरी गेल्यावर सांगितलं. वाटलं होतं खाली बसतील, कपाळाला हात लावतील. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले. "कुनाला बोललास?" नाही म्हणालो. "ब्येस केलंस. गाडी तशीच ऱ्हाऊ दे. मी बघतो त्या मालाचं."

माणूस किती आत गिळतो. मी असतो तर ओरडलो असतो.

१८ एप्रिल

बॉक्स रिकामा. मालाचं काय केलं विचारलं नाही. कुठल्या तरी कोरड्या आडात टाकला असेल, आडांना काय तोटा. सूर पस्तीस. आज सकाळी पहिल्यांदा नीट वाजला आणि मला ऐकवेना.

आई विचारते, शहादेव जेवायला का आला नाही. बाहेरगावी गेलाय म्हणालो.

१९ एप्रिल

अप्पांनी पारावर सभा घेतली. सगळं सांगितलं! लपवलं नाही. म्हणाले, "माझ्याच गाडीत बाटल्या सापडल्या. माझ्या पोरानं पकडल्या. ज्यानं ठिवल्या त्यो माझ्या घरात जेवत हुता. समोरच्यायला एवढं भ्याव वाटतंय माझं." शहादेवचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

चतुराबाई उठून म्हणाल्या, स्वतःच्या गाडीतलं जो चव्हाट्यावर सांगतो त्याला मत न्हाई तर कुनाला? बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडेही माना वळल्या, पाठीवर थाप पडली. मला अभिमान वाटला. आणि त्याच वेळी पारावरची ती मोकळी जागा दिसत होती, जिथं आम्ही दोघं बसायचो.

दगाबाज! पन्नासदा म्हणून बघितलं. तोंडाला बसत नाही शब्द, पण दुसरा कोणता वापरू?

२१ एप्रिल

छबुबाई, शहादेवची आई, दुकानाच्या दारात आल्या. आत या म्हणालो, आल्या नाहीत. शहादेव पुण्याकडं गेला, कुणाच्या तरी टेम्पोवर. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. शेजारच्या बायका हंडा भरताना रांगेत त्यांच्या मागं उभ्या राहत नाहीत.

मी म्हणालो, मावशी, माझा काही इलाज नव्हता. त्यानं एक शब्द तरी सांगायचा. कुणी ठेवायला लावलं, एवढं तरी.

त्या जायला वळल्या. मग म्हणाल्या, "त्यानं न्हाई सांगितलं म्हनून तर तू आज जेवलास बाबा." आणि गेल्या.

काय अर्थ याचा? रागात माणूस काहीही बोलतं. तरी दिवसभर कानात आहे.

२२ एप्रिल

मुंजाजीकाकांकडे माफी मागायला गेलो. रंधा थांबवला नाही. म्हणाले, फळीवरचा संशय फिटला का? फिटला म्हणालो. "मंग झालं."

एवढ्यावर सुटलो. सगळ्यांशी असं सुटता आलं असतं तर!

२४ एप्रिल, रविवार

मतदान. ऊन मरणाचं. बॉक्स बंद.

२६ एप्रिल

अप्पा निवडून आले! चांगल्या मतांनी. चतुराबाईंच्या गावांनी हात दिला, सगळे तेच म्हणतायत. गुलाल उधळला, पाणी नाही म्हणून कुणी आंघोळीची घाई करत नाहीये, सगळं गाव गुलाबी फिरतंय. मिरवणुकीत बॉक्स पूर्ण सोडला. असा वाजला, असा वाजला! अप्पांनी मला ओढून गाडीवर स्वतःशेजारी उभं केलं, लोकांपुढं.

याच दिवसासाठी तो बनवला होता. आणि मी वरून गर्दीत एकच तोंड शोधत होतो, जे तिथं असणार नव्हतं. मला त्याचा इतका राग येतो की त्यानं हा दिवससुद्धा मला पुरता घेऊ दिला नाही.

२ मे, सोमवार

अप्पांची नवी गाडी आली, मोठी, पांढरी. दुकानात घेऊन आले. आता सवय झालीय, खुर्ची झटकत नाहीत. म्हणाले, हिला पन डबा बनीव, जरा मोठा. पुढं सोसायटीची निवडणूक हाय. मी टेप घेऊन मागची जागा मोजायला लागलो. अप्पा दाराला टेकून चहा पीत होते.

"अन् ह्या टायमाला मागच्या फळीला हातानं फिरायचे नट लाव," म्हणाले. "रोज स्क्रू काढून शहादेवच्या अंगठ्याची सालटी गेलती."

मी टेप धरून तसाच वाकलेलो. अप्पांनी चहा संपवला, कप ठेवला, गेले.

दुकानाचं शटर ओढून शहादेवला फोन लावला. त्यानं उचलला.  मागं गाड्यांचा आवाज. मी बोलायच्या आधी तोच म्हणाला,

"आवाज नीट लागतो का बे आता?"